तीन बिऱ्हाडांचे घर आणि आईबापांचे म्हातारपण

आपल्या समाजातील पहिल्या पिढीचा पदवीधर नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या पगाराचे वाटेकरी आधीच ठरलेले असतात. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, चुलत्याचे दवाखान्याचे बिल आणि या सर्वांच्या मागे, फारसे कुणी बोलून न दाखवलेले, आईबापांचे म्हातारपण. ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या नोकरीत गेल्या, तेथे म्हाताऱ्यांजवळ निवृत्तिवेतन असते, शहरात जुने का होईना घर असते, बँकेत ठेव असते. मुलाने येऊन-जाऊन विचारपूस केली तरी तेथे भागते. आपल्याकडे म्हातारपणाचे सगळे भांडवल म्हणजे तो शिकलेला मुलगा किंवा ती शिकलेली मुलगी. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला ना ग्रॅच्युइटी, ना फंड. शासनाची श्रावणबाळ योजना २०२३ पासून महिना १,५०० रुपये देते. नाव पुराणातल्या मुलाचे दिले आहे आणि रक्कम अशी की रक्तदाबाच्या गोळ्या आणि दवाखान्याच्या दोन फेऱ्यांत ती संपते.

या लेखात मी एका मार्गाविषयी लिहिणार आहे. शहरात दोन-तीन बिऱ्हाडांचे लहानसे घर विकत घ्यावयाचे, एका भागात आईवडिलांना ठेवावयाचे, एका भागात आपण राहावयाचे आणि उरलेला भाग भाड्याने देऊन कर्जाच्या हप्त्याला हातभार लावावयाचा. साहित्य आणि विचार यांच्या पानांवर घरपट्टीचा आणि हप्त्यांचा हिशेब कशाला, असे कुणाला वाटेल. मलाही लिहिताना संकोच वाटला. भाडे घेणे म्हणजे मालक होणे, आणि मालक या शब्दाविषयी आपल्या मनात काय साचलेले आहे ते सांगावयास नको. पण बाबासाहेबांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे आठवते. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी कितीतरी वर्षे संसार केला. १९३३ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले, ते राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी. त्याच सुमारास खारला ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारत त्यांनी बांधली, ती भाड्याचे उत्पन्न यावे म्हणून. १९४१ मध्ये ती विकावी लागली, ही गोष्ट वेगळी. राजगृहाविषयी आपण पुष्कळ बोलतो; चार मिनारचा उल्लेख आपल्या भाषणांतून क्वचितच येतो. अर्थशास्त्राच्या त्या पंडिताला घरभाड्याचा हिशेब हलका वाटला नव्हता, एवढे येथे पुरे.

आता माझी गोष्ट. मी छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) येथे एका अंशतः अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. त्याआधी सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढली. तासिकेवरच्या शिक्षकाला बँक दारात उभी करीत नाही, कारण त्याच्याजवळ पगारपत्रक नसते. आज हातात ४३,००० रुपये येतात. पत्नी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे, तिचे १८,०००. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हां बहुतेकांना जुने निवृत्तिवेतन नाही. म्हणजे आईबापांच्या म्हातारपणाचा प्रश्न सोडवता सोडवता माझ्या स्वतःच्या म्हातारपणाचाही प्रश्न त्याच पगारातून सोडवावयाचा आहे. भाड्याची एखादी खोली असावी हा विचार तेथूनच आला.

आईवडील गावात, शहरापासून साठ किलोमीटरवर. वडिलांना दम्याचा त्रास, आईचे दोन्ही गुडघे गेलेले. मी प्रथम त्यांना माझ्या भाड्याच्या घरी आणले. तिसरा मजला, उद्वाहन नाही. आई जी वर चढली ती बाविसाव्या दिवशी गावी परत जाण्यासाठीच उतरली. त्या बावीस दिवसांत वडील खिडकीजवळ बसून राहिले. जाताना एवढेच म्हणाले, “लेका, तुरुंगात बी माणसाला फिरू देत्यात.” त्यांच्यासाठी जवळच तळमजल्यावर दुसरे घर भाड्याने पाहू लागलो. दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर “आमचे पाहुणे यायचे आहेत” असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी बाईंनी स्पष्टच विचारले, “तुमच्यात काय काय खातात?” ही केवळ माझी तक्रार नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. दलित आणि मुसलमान घर मागू लागले की नकार तरी मिळतो किंवा जाचक अटी लादल्या जातात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने दाखवून दिले. तरुण माणूस चार नकार पचवून पाचवे दार वाजवतो. सत्तर वर्षांच्या माणसाला मुलाच्या पाठीमागे उभे राहून हे ऐकावे लागते, तेव्हा तो मुलालाच म्हणतो, चल, परत जाऊ.

सहकारी प्राध्यापक सल्ला देतात, “गावचे घर-जमीन विका आणि शहरात घ्या.” हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण तो देणाऱ्याला आपल्या वस्तीची कागदपत्रे ठाऊक नसतात. गावठाणातील घरांना २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत, हे खरे. परंतु आपल्या कित्येक वस्त्या मुळात गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानात किंवा इनामी-वतनी जमिनीवर वसलेल्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतने रद्द झाल्यावर पूर्वीच्या वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. म्हणून आपल्या माणसाला शहरातील घर गावातील मिळकतीच्या बळावर घेता येत नाही. ते पूर्णपणे पगाराच्या बळावर घ्यावे लागते. आणि पगार अपुरा असेल तर त्या घराने स्वतःच थोडे कमवावे लागते. तीन बिऱ्हाडांच्या घराचे सगळे महत्त्व यात आहे.

आमच्या शहरात वीस बाय तीसचा प्लॉट हे गरिबाच्या आणि निम्नमध्यमवर्गीयाच्या घराचे माप आहे. म्हणजे सहाशे चौरस फूट. अशा प्लॉटवरचे घर आम्ही घेतले. तळमजल्यावर पुढे एक खोली-स्वयंपाकघर, मागे तसेच दुसरे, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, गच्चीवर पत्र्याची एक खोली. पुढे आईवडील, वर आम्ही, मागे भाडेकरू कुटुंब, गच्चीवर परगावाहून शिकायला आलेले दोन विद्यार्थी. किंमत ३६ लाख. बँकेचे कर्ज २६ लाख, वीस वर्षे, ९ टक्के.

या आकड्यांचा अर्थ आधी समजून घेतला पाहिजे. महिन्याचा हप्ता २३,४०० च्या आसपास बसतो. पहिल्या हप्त्यातील १९,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ३,९०० नी कमी होते. वीस वर्षे असेच भरत राहिल्यास २६ लाखांचे ५६ लाख होतात. हे ऐकून आमच्या वडिलांनी सावकाराचे नाव विचारले होते. मात्र बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीपूर्वी भरल्यास दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा दंडक आहे. वर्षाकाठी एक हप्ता जादा भरला तर याच कर्जाची सुमारे साडेतीन वर्षे कमी होतात. महागाईभत्त्याचा फरक हाती आला की तो टीव्हीत न घालता येथे घालावा.

मागच्या बिऱ्हाडाचे भाडे ६,००० आणि गच्चीवरच्या खोलीचे ३,५००, मिळून ९,५००. कागदावर हिशेब सोपा दिसतो. पण वर्षातून खोल्या रिकाम्या राहतात, म्हणून मी बाराऐवजी दहाच महिन्यांचे भाडे धरतो. ते महिना ७,९०० पडते. घरपट्टी, गळती, मोटार, रंग यांसाठी महिना १,५०० बाजूला काढतो. पूर्वी मी स्वतः ८,५०० भाडे भरीत होतो, ते वाचले. म्हणजे हप्ता २३,४००, त्यात १,५०० मिळवा, ७,९०० आणि ८,५०० वजा करा. साडेआठ हजार रुपये महिना जादा खर्च आला. आईवडिलांसाठी वेगळे घर भाड्याने घेतले असते, आणि मिळाले असते, तर सहा हजार लागलेच असते. वाचकांनी आपले आकडे घालून हाच हिशेब करावा. भाडे बारा महिने धरून आणि दुरुस्ती शून्य धरून जो हिशेब दलाल मांडतो, तो घेऊ नये.

सगळ्यात अवघड गोष्ट हप्त्याची नसते, ती हातातल्या रकमेची असते. बँकेने ३६ पैकी २६ दिले; दहा लाख आम्ही उभे करावयाचे. त्यावर मुद्रांक शुल्क आहे. शहर आणि गावाप्रमाणे ते किमतीच्या ५ ते ७ टक्के असते आणि ही किंमत म्हणजे खरेदीखतातील रक्कम किंवा शासनाच्या मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारी रक्कम, यांपैकी जास्त असेल ती. शिवाय नोंदणी फी, वकील, बँकेचे शुल्क, दलाल. आम्हांला हे सर्व मिळून पावणेतीन लाख लागले आणि मुद्रांकासाठी बँक कर्ज देत नाही. पावणेतेरा लाखांपैकी साडेसहा लाख दोघांची आठ वर्षांची बचत होती. बाकी पत्नीचे दागिने, मेव्हण्याकडून हातउसने आणि पतसंस्थेचे २ लाख, ज्याचा ४,३५० चा हप्ता पाच वर्षे वेगळा चालला आहे. ज्याच्याजवळ किमतीचा तिसरा हिस्सा उभा राहत नाही त्याने आणखी दोन वर्षे थांबावे, असे माझे मत झाले आहे.

हे घर मिळण्यापूर्वी दोन घरे पाहिली होती. त्या दोन्हींविषयी सविस्तर लिहिले पाहिजे.

पहिले घर स्वस्त होते. विकणाऱ्याजवळ खरेदीखत नव्हते, शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरीसमोर केलेला कागद होता. “इकडं समद्यांचं असंच आहे,” तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या वसाहती आमच्या शहराभोवती, पुण्या-नाशिक-सांगलीभोवती पसरल्या आहेत, आणि तेथे घर घेणारा बहुतेक आपलाच, कष्टकरी माणूस असतो. त्याला अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन हे शब्द कुणी सांगितलेले नसतात. शंभर रुपयांवरील किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तावाचून विकत घेता येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलेले आहे. नोटरीचा शिक्का सही खरी आहे एवढेच सांगतो, मालकी देत नाही. अशा वसाहती नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. महापालिकेत शुल्क भरून नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मिळवलेले घर असेल तर बँका विचार करतात. नसेल तर करीत नाहीत. मला हे सर्व नंतर कळले. मी शिकलेला माणूस, वर्गात मुलांना संविधानाची उद्देशिका शिकवणारा, इसार म्हणून ५१,००० रुपये देऊन मोकळा झालो होतो. आठ महिने हेलपाटे घातल्यावर तीस हजार परत मिळाले. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बांधकाम परवाना, घरपट्टीची पावती, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि त्यानंतर इसार, तोही धनादेशाने, लेखी इसारपावती करून. जागा सरकारने मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थेला दिलेली असेल तर हस्तांतरणाच्या परवानगीचा कागद आधी पाहावा. बँक कर्ज देते आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये. पण बँक जेथे नाही म्हणते तेथे आपण हो म्हणण्याचे कारण नाही.

दुसऱ्या घराचे कागद स्वच्छ होते. जुन्या वस्तीत, घाटी रुग्णालयाच्या जवळ, आणि किंमत बाजारापेक्षा सहा-सात लाखांनी कमी. का, ते आत गेल्यावर कळले. मागच्या दोन खोल्यांत १९८० च्या दशकापासून एक भाडेकरू राहत होता. महिना दीडशे रुपये भाडे. म्हातारा शिंपीकाम करीत असे. आता त्याला आणि त्याच्या बायकोला दोघांनाही कमी दिसते. मालक म्हणाला, “तुमच्या आईवडिलांना जागा लागते ना? मग वकील लावा. स्वतःची गरज दाखवली की कोर्ट खाली करून देतं.”

कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निराधार नव्हते. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अशा जुन्या भाडेकरूला संरक्षण देतो, भाडे वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक वाढवू देत नाही. पण मालकाला किंवा त्याच्या कुटुंबाला जागेची खरोखरीची गरज असेल तर ताबा मागण्याची तरतूदही त्यात आहे. कोणाची गैरसोय अधिक होईल हे कोर्ट पाहते. दावा पाच वर्षे चालेल की पंधरा, हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या वडिलांचे वय तेव्हा एकाहत्तर होते. पंधरा वर्षांचा दावा त्यांच्या कामाचा नव्हता. हे कारण मी सर्वांना सांगितले. खरे कारण त्यापेक्षा थोडे वेगळे होते. मी खोली पाहायला आत गेलो तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने मला “साहेब” म्हटले. माझ्या आईने ज्या आवाजात गावच्या पाटलाला हाक मारली असेल तोच तो आवाज. आपले म्हातारे सावलीत बसवण्यासाठी दुसऱ्याचे म्हातारे उन्हात काढावयाचे, हा व्यवहार मला जमला नाही. ज्याला जमेल त्याला मी दोष देत नाही. गरज त्याचीही खरी असते. पण हे घर स्वस्त का आहे, हा प्रश्न प्रत्येक स्वस्त घराला विचारावा, आणि उत्तर आत राहणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावे.

मग घर कुणाच्या नावावर? याविषयी आपल्यात फार अज्ञान आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. एप्रिल २०२१ पासून राहण्याचे घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ती नाही. ३६ लाखांवर ३६,००० रुपये वाचतात. आईच्या नावाने घ्यावे असे मला वाटत होते. पण मालक असलेल्या व्यक्तीला बँक सहकर्जदार करून घेते आणि वयस्कर सहकर्जदार आला की मुदतीवर अडते. शेवटी पत्नीच्या नावाने घेतले. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाव कुनाचं बी लाव. मला चूल येगळी दे.” आणि तिचे बरोबर होते. चूल वेगळी म्हणजे दार वेगळे, मीटर वेगळे, सकाळचा चहा कधी करावयाचा हे विचारावे न लागणे. वर सून आणि खाली सासू, मध्ये जिना, यामुळे आमच्या घरातील निम्मी भांडणे सुरूच झाली नाहीत. उरलेली निम्मी पाण्यावरून होतात. शहराला कित्येक वर्षे नळाचे पाणी काही दिवसांआड येत आले आहे. तीन बिऱ्हाडांच्या घराला मोठा हौद नसेल तर इतर सर्व हिशेब फुकट.

पण नावाचा प्रश्न येथे संपत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे, हे धर्मांतर केलेल्या आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. या कायद्याप्रमाणे घर माझ्या नावावर असते आणि मी मृत्युपत्र न करता गेलो असतो, तर पत्नी आणि मुले यांच्या बरोबरीने माझ्या आईला हिस्सा मिळाला असता, वडिलांना नाही. वडील दुसऱ्या वर्गाचे वारस, पहिल्या वर्गात कुणी असेपर्यंत त्यांची पाळी येत नाही. घर पत्नीच्या नावावर आहे आणि ती आधी गेली, तर वारस मी आणि मुले. तिच्या सासू-सासऱ्यांना काहीही नाही. आईच्या नावावर असते तर तिच्यामागे वडील आणि आम्ही सर्व भावंडे, बहिणीही, समान वाटेकरी. यातील कोणताही मार्ग मृत्युपत्रावाचून म्हाताऱ्यांना पूर्ण सुरक्षित ठेवीत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यात अमुक खोल्यांत सासू-सासऱ्यांना हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील, असे लिहिता येते. आईवडिलांच्या नावाची मिळकत आपल्या नावावर करून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आईबापांनी राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; पण सांभाळण्याच्या अटीवर दिलेले असेल आणि मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द होऊ शकते. अट कागदात लिहिलेली असावी. आपले म्हातारे विश्वासाने अंगठा देतात.

आता भाडेकरू. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, लेखी आणि नोंदणीकृत करावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांचा तोंडी करार पुरतो ही समजूत चुकीची आहे. मी आडनाव विचारावयाचे नाही असे ठरवले होते. ते फार मोठे औदार्य केले असे मला वाटत होते, पण घडले उलटेच. एक कुटुंब मागचे बिऱ्हाड पाहून गेले. पसंत पडले, अनामत रक्कमही ठरली. जाताना बाईंची नजर दर्शनी खोलीतील बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींवर गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, “आमचं दुसरीकडं जमलं.” असे चार वेळा झाले. खोली अडीच महिने रिकामी राहिली. मी दहाच महिन्यांचे भाडे धरतो असे वर लिहिले, त्यातील वजा केलेल्या दोन महिन्यांत हेही धरलेले आहे. तसबिरी आतल्या खोलीत लावाव्यात असे एका हितचिंतकाने सुचवले. वडिलांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी तसबिरींना नवा हार घातला.

शेवटी मागे राहावयास आले ते एक मुसलमान कुटुंब. नवरा रिक्षा चालवतो. त्यालाही तीन महिने घर मिळत नव्हते. त्याची आई आणि माझी आई दुपारी ओट्यावर बसतात. वडील सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत काठी टेकीत जातात आणि येताना चार घरांशी बोलून येतात. शौचालयात धरायला दांडी बसवली, उंबरठा काढून टाकला, जिन्याचे तोंड आईच्या दारासमोर होते ते बाजूला फिरवले. या कामांना २८,००० लागले. घर घेतानाच हा खर्च धरावयास हवा होता. जयंतीला दोघेही गावी जातात आणि आठ दिवस राहून परत येतात. गावचे दोन खोल्यांचे घर धाकट्या भावाकडे आहे. ते त्याचेच राहील, असे आम्ही तिघा भावंडांनी लिहून ठेवले आहे. हे तोंडी ठेवले असते तर आईबापांना कोणी नेले आणि कोणाला काय मिळाले, यावरून पुढे आमची तोंडे फिरली असती.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. मृत्युपत्राचा मसुदा घेऊन मी पत्नीजवळ बसलो तेव्हा तिने तो शांतपणे वाचला. सही करण्याआधी विचारले, “आणि माझ्या आईचं?” सासूबाई परभणीकडे एकट्या राहतात. वय अडुसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू. घर तिच्या नावावर, दागिने तिचे गेले, आणि मसुद्यात हक्क फक्त माझ्या आईवडिलांचा होता. मी तो कागद परत घेतला.

मागच्या बिऱ्हाडाचा करार येत्या मे महिन्यात संपतो. सासूबाई तेथे आल्या तर भाड्याचे ६,००० कमी होतील, साडेआठ हजारांचे साडेतेरा होतील, आणि पतसंस्थेचा हप्ता अजून तीन वर्षे आहे. रिक्षावाल्याच्या कुटुंबाला दुसरे घर शोधावे लागेल. गच्चीवरची पत्र्याची खोली पाडून तेथे विटांची एक खोली आणि स्वयंपाकघर बांधावयाचे तर महापालिकेची परवानगी आणि साडेचार लाख रुपये लागतील, असे मिस्त्रीने सांगितले आहे. तळमजल्याचे कॉलम तेवढे वजन पेलतील की नाही हे पाहण्यासाठी अभियंता रविवारी येणार आहे.